टेकायला जागा

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. रस्त्यावर अजून गुलाबी-हिरवे डाग होते, समोरच्यांच्या पांढऱ्या भिंतीवर कुणाचा तरी आख्खा पंजा उमटलेला, आणि दुपारी चारच्या सुमाराला गेटची कडी वाजली. बघते तर काका. बाबांचे मित्र, वय ७८, अजूनही ॲक्टिवा चालवतात आणि अजूनही लेसवाले चामड्याचे बूट घालतात, मार्चमध्येसुद्धा. हातात पेपरमधे गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. पाईपपाना निघाला. बाबांकडून कधीतरी नळ दुरुस्त करायला नेलेला, घर आवरताना सापडला म्हणून परत द्यायला आले होते. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, आत या ना काका, तर म्हणाले नको गं, लगेच निघायचंय, आणि मग गेटबाहेर गाडीला टेकून ते वीस मिनिटं उभे राहिले आणि गेटच्या आत कडीवर हात ठेवून मीही वीस मिनिटं उभी राहिले. तीनदा तरी आत या म्हटलं असेल. पण आत यायचं म्हणजे बूट काढायचे, निघताना परत घालायला खाली वाकायचं, तोवर आई चहा टाकणार, मी पोहे करायला घेणार, म्हणजे तासभर गेला. त्यांना तासभर नको होता. त्यांना दहा मिनिटं बाबांबद्दल बोलायचं होतं. बोलताना ते एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर घेत होते, मधेच त्यांनी गेटच्या डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि निघताना हेल्मेट घालता घालता अगदी सहज म्हणाले, "तुमच्याकडे टेकायला काही नाही."

तक्रार नव्हती ती. म्हणूनच जास्त लागली.

रात्री झोपताना आठवत होतं की जुन्या घरी हेच काका रोज संध्याकाळी यायचे आणि एकदाही घरात आलेले मला आठवत नाहीत. इंदूरच्या राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर होतं, गल्लीला चिकटून, दार आणि रस्ता यांच्यात फक्त ओटला. साडेतीन-चार फूट रुंद, काळ्या दगडाच्या कडा, मधे कोबा, आणि त्या कडा इतक्या लोकांच्या बसण्याने इतक्या गुळगुळीत झालेल्या की उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी शिंपडलं की चमकायच्या. काका यायचे, ओटल्याच्या कडेवर बसायचे, बूट रस्त्यावरच, पाय खाली, पाठ आमच्या भिंतीला. चहा मिळाला तर मिळाला. बाबा नसले तरी बसायचे. कुणी त्यांना "कसे काय आलात" म्हणून विचारायचं नाही कारण ते आलेलेच नसायचे, ते नुसते बसलेले असायचे. आणि ते एकटे नव्हते. सकाळी दूधवाला बरणी टेकवून हिशोब लिहायचा, दुपारी पोस्टमन पाणी मागायचा आणि तिथेच बसून प्यायचा, शेजारच्या आजी देवळातून येताना दम खायच्या, शाळेतून येणारी पोरं दप्तरं टाकून गोट्या खेळायची. सराफ्यात आजही रात्री हे दिसतं. सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढया लागतात आणि माणसं हातात द्रोण घेऊन बंद शटरला पाठ लावून बसतात, कोणाचं दुकान, कोण बसलंय, कुणी विचारत नाही. बाहेरगावचे पाहुणे चवीबद्दल बोलतात. मला तिथलं ते बसणं जास्त आवडतं.

पण खरं सांगायचं तर तेव्हा मला तो ओटला अजिबात आवडायचा नाही. कॉलेजला जायला लागले आणि मग तर नकोच झाला. घरातून निघताना चार माणसांच्या मधून जायचं, परत येताना पुन्हा त्याच चार माणसांच्या मधून, कुणीतरी विचारणारच आज उशीर झाला का, कुणी काही वाईट बोलत नव्हतं पण प्रत्येकाला माझं टाइमटेबल माहीत होतं. नंतर रस्ता रुंद करायचं निघालं. भिंतीवर लाल रंगाने खूण झाली, आमची खूण दरवाज्याच्या आत चार फुटांवर होती, म्हणजे ओटला तर गेलाच, पुढची अर्धी खोलीपण गेली. मशीन आलं त्या सकाळी बाबा समोरच्या बाजूला उभे राहून बघत होते आणि दगडाची कड निघाली तेव्हा म्हणाले, दगड सरळ निघाला, फुटला नाही. बस, एवढंच. उरलेल्या घरात राहणं जमेना म्हणून २००३ मध्ये इथे, या कॉलनीत, तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर हे घर बांधलं. नक्शा काढणाऱ्याने बाबांना विचारलं होतं की पुढे काय हवं. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, हिला विचारा. आणि मी म्हटलं होतं, ओटला नको, लोक येऊन बसतात.

बाबा काही बोलले नाहीत. पुढे गाडीसाठी उतार झाला, त्यावर पार्किंगच्या टाइल्स, आणि वीस वर्षं कुणी येऊन बसलं नाही.

तर काका गेल्यावर आठवडाभराने मी आईला म्हटलं, पुढे ओटला करूया. पुण्याला बहिणीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, किचनचा ओटा ना, ग्रॅनाइट घे, काळा. अर्धा मिनिट आम्ही दोघी वेगवेगळ्या ओट्यांबद्दल बोलत होतो. ती लग्न होऊन तिकडे गेली त्याला पंचवीस वर्षं झाली, तिच्यासाठी ओटा म्हणजे आता गॅसची शेगडी. मी म्हटलं अगं ओटला, आपला, बाहेरचा. पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही, मग म्हणाली, त्याच्या कोपऱ्यात एक खड्डा होता बघ, पावसाचं पाणी साठायचं, चिमण्या यायच्या. मला तो खड्डा आठवतच नव्हता.

ज्याला ज्याला काम दाखवलं त्याने पोर्च सुचवला. दोन कॉलम काढा, वर स्लॅब टाका, खाली गाडी, वर पुढे-मागे एक खोली निघेल. एका इंजिनीअर मुलाने तर मोबाइलवर थ्रीडी करून दाखवलं, त्यात आमची गाडी लाल होती आणि शेजारी ताडाची दोन झाडं. चांगला मुलगा, मनापासून सांगत होता की मॅडम, इतक्या जागेत ओटला म्हणजे डेड स्पेस आहे. मला त्याला समजावता आलं नाही. एमओएसचं, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायच्या जागेचं काय, वर छप्पर घातलं तर नक्शात दाखवावं लागेल का, हे सगळं त्यानेच नीट बघून दिलं, त्याबद्दल मी त्याची आभारीच आहे. पण गाडी आता उघड्यावर बाजूला उभी राहते आणि पुढची सहा बाय अकराची जागा ओटल्याला दिली, हे ठरवायला आम्हाला दीड महिना लागला. आईने मधेच दोनदा विचार बदलला. गाडीच्या रंगाची तिला काळजी होती.

एप्रिलच्या शेवटी ठेकेदार भैयाने खोदायला घेतलं. टाइल्स निघाल्या, खालचं काँक्रीट निघालं आणि मग काळी माती. वीस वर्षं मी तिच्यावरून चालत होते आणि तिला विसरले होते. वरून कोरडी ठणठणीत, भेगा इतक्या की माझ्या हाताचा पंजा आडवा आत गेला असता, आणि दोन फुटांखाली अजून थोडी ओल, मुठीत दाबली की साबणासारखी चिकटणारी. हीच माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, दरवर्षी, वर घर आहे की शेत आहे हे न बघता. महाराष्ट्रातल्या काळ्या मातीची सख्खी बहीण आहे ही, त्याच जुन्या लाव्हाच्या दगडाची झालेली. कपाशीला, सोयाबीनला सोनं, पण भिंतीला नाही. इंदुरात ज्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालेली दिसते तिथे बहुतेक वेळा खाली हीच असते. भैया म्हणाला, "मैडम, ओटला छोटा है पर नींव छोटी नहीं चलेगी, मुरम लगने तक जाएंगे." साडेचार फुटांवर मुरूम लागला. कुदळीचा आवाजच बदलला, मऊ धप्प वरून एकदम कर्र, आणि खड्ड्यातला मजूर वर बघून हसला. काढलेली काळी माती परत भरायची नाही, आत मुरूमच भरायचा, थर टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून, नाहीतर वरची फरशी पहिल्या पावसात वर उचलली जाते. आमच्या जुन्या पार्किंगच्या मधल्या टाइल्स दरवर्षी का वाजायच्या ते मला तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती मला पटायला वेळ लागला. नवीन ओटला घराला जोडायचा नाही. मला वाटत होतं सळया जुन्या बीममध्ये घुसवून घट्ट बांधून टाकतील, एकजीव होईल. तो म्हणाला उलट, मधे अर्धा इंच फट सोडायची, थर्माकोलची पट्टी लावून, नंतर ती काढून वरून सीलंट भरायचं. कारण घर वीस वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बसलंय, ओटला आत्ता बसायला लागणार, दोन-तीन पावसाळे तो हलणार, आणि जबरदस्तीने जोडला तर एक दुसऱ्याला ओढेल आणि दोन्हीकडे भेगा. "पहले उसको खुद बैठने दो," तो म्हणाला. आपल्याकडेही पाया बसतो असंच म्हणतात. एकच शब्द, माणसाला आणि भिंतीला. मी दिवसभर तो शब्द मनात घोळवत राहिले.

आता आईबद्दल लिहायला हवं, कारण हे सगळं मी तिच्यासाठी आणि काकांसाठी करतेय असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी खोदलेल्या खड्ड्याच्या कडेला आम्ही दोघी उभ्या होतो, मी काहीतरी बोलत होते की पुन्हा पहिल्यासारखं होईल, लोक येतील, बसतील, तुला बरं वाटेल. ती खाली मातीकडे बघत म्हणाली, "ओटला तुझ्या बाबांचा होता गं. माझा कुठे होता?"

मी गप्पच झाले. मग जसजसं आठवायला लागले तसतसं लक्षात आलं की त्या ओटल्याच्या माझ्या आठवणीत आई कुठेच बसलेली नाही. ती दाराच्या आत आहे. चहाचे कप ट्रेमधून देते आहे, हात बाहेर, बाकीची आत. पुरुष माणसं बसली असली की ती पुढच्या दाराने बाजारातही जायची नाही, मागच्या बोळातून जायची. तिचा ओटला होता तो दुपारी दोन ते चार, पुरुष कामावर असताना, तेव्हा ती आणि शेजारच्या काकू गहू निवडायच्या, आणि कुणाची सायकल वळली की सूप उचलून आत. आणि पितृपक्षात. भिंतीवर शेजारच्या हिंदीभाषिक मुली शेणाची संजा काढायच्या, गुलतेवडीच्या पाकळ्या चिकटवून, रोज नवीन आकार, आणि शेवटी मोठा किलाकोट, किल्ल्याच्या तटासारखा. आमच्या घरात भोंडला व्हायचा नवरात्रात, पण संजाला आमची भिंत हक्काची होती आणि तेवढे सोळा दिवस संध्याकाळी बायका-मुली ओटल्यावर आणि बाबांची मंडळी समोरच्या पानवाल्याकडे. आईला संजाची मालवी गाणी अजून येतात. हे सगळं तिने रागाने नाही सांगितलं. तिला बाबांचा रागही नव्हता, तिला त्यांची आठवण येते, रोज येते. पण ती म्हणाली की ओटला तुटला तेव्हा सगळे हळहळले आणि मला वाटलं की आता निदान पुढच्या दाराने जाता येईल. हे तिने वीस-पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी ओटला नको म्हटलं होतं ते मी माझ्यासाठी म्हटलं होतं, पण बहुधा त्या घरात तसं वाटणारी मी एकटी नव्हते.

मग काम थांबवायचं का, असं मी तिला खरंच विचारलं. तर म्हणाली, खड्डा खणलाय ना आता, कर. पण उंची मी सांगेन.

उंचीचं असं झालं. मिस्त्रीने पुस्तकी माप सांगितलं, दीड फूट. आई म्हणाली मला बसून बघू दे. अंगणातच त्याने सहा विटा एकावर एक कोरड्या रचल्या, शेजारी तशाच दुसऱ्या, वर फळी. अठरा इंच. आई बसली तर टाचा जमिनीला लागेनात. त्याने एक थर काढला, पंधरा. आता पाय छान टेकले पण उठताना तिला माझा हात धरावा लागला. ती फळीवर बसलेली, साडीच्या निऱ्या एका हाताने धरून, एक पाय थोडा मागे, आणि मिस्त्री तिच्या पायाशी उकिडवा बसून टेप लावतोय, गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत, अगदी गंभीरपणे, शिंपी बाही मोजतो तसा. साडेसोळा, तो म्हणाला. फळीखाली कोटा फरशीचे दोन तुकडे सरकवून त्याने तेवढं करून दाखवलं. आई बसली, हात न लावता उठली, परत बसली, परत उठली. विटांचे चार थर, त्याला तो रद्दे म्हणतो, मधल्या सिमेंटच्या मसाल्यासकट, वर दोन इंचाचं काँक्रीट आणि त्यावर कोटा, बरोबर साडेसोळा. ओटल्याची उंची म्हणजेच बसायची उंची, म्हणजे बूट न काढता कडेवर बसता येतं आणि पाय खाली राहतात. चढायला बाजूने साडेपाच-साडेपाच इंचाच्या तीन पायऱ्या. तिथून घराचा उंबरा अजून साडेसात इंच वर, म्हणजे कितीही पाऊस झाला तरी पाणी आत नाही. आणि सहा फुटांना पाऊण इंच उतार, बाहेरच्या बाजूला, तो मात्र मी स्वतः पाणी ओतून बघितला, तीन ठिकाणी.

कोटा पॉलिशवाला घेतला नाही, खरबरीत ठेवला, ओल्या पायाने घसरायला नको. बाकी फरशीत फार काही सांगण्यासारखं नाही.

छपरावरून मात्र बरंच झालं. आमचं घर पश्चिमेला तोंड करून आहे. छप्पर दुपारच्या उन्हाला अडवतं, पण मे-जूनमध्ये साडेपाच-सहाला ऊन छपराच्या खालून आडवं आत येतं, त्याला छप्पर काही करू शकत नाही, त्याला उभंच काहीतरी लागतं, बांबूची चीक किंवा जाळी किंवा वेल. आपला पाऊसही बहुतेक त्याच बाजूने येतो. म्हणून वर लोखंडी पाइपावर मंगलोरी कौलं, दोन फूट पुढे काढलेली, आणि कॉलमच्या बुडाशी मधुमालती लावली, ती चढायला दोन वर्षं घेईल, तोवर वाळ्याचे पडदे. पत्रा स्वस्त पडला असता, पण पत्र्याखाली पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. आणि रात्री तर छप्परसुद्धा नको असं वाटतं. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, असं उगाच म्हणत नाहीत, साडेपाचशे मीटर उंचीवरचं पठार आहे हे, मे महिन्यात दिवसा चाळीसच्या वर गेलं तरी अकरा वाजल्यानंतर एक झुळूक येते आणि अंगावरचा घाम सुकतो. वीस वर्षं ती झुळूक आमच्या बंद दारावर येऊन परत जात असणार.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला जोरदार पाऊस झाला, तेव्हा कोटा बसून चारच दिवस झाले होते, सीलंट भरायचं राहिलं होतं आणि फटीवर प्लॅस्टिक अंथरून विटा ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं. आई गहू घेऊन बाहेर जाऊन बसली, मला न विचारता, ओली गोणपाटं एका बाजूला सारून. मी आतून काम करत होते. ॲक्टिवाचा आवाज आला, थांबला, गेटची कडी वाजली नाही कारण गेट उघडंच होतं, आणि मी लॅपटॉपवरून मान वर केली ती काकांना बघायला नाही, आईला बघायला.

तिने सूप उचललं. माझ्या पोटात धस्स झालं. मग तिने ते मांडीवरून काढून पलीकडच्या बाजूला ठेवलं, हाताने कोट्यावरचे चार दाणे झटकले आणि म्हणाली, "बसा भाऊजी. ओलं नाहीये."

काका बसले. बूट खाली, चिखल लागलेले, लेस तशाच बांधलेल्या. दोघांच्या मधे सूप. त्यांनी चार दाणे उचलून तळहातावर घेतले, नखाने एक दाबून बघितला आणि म्हणाले, शरबती वाटतोय. आई म्हणाली, छे, लोकवन आहे. ते म्हणाले, वहिनी, मी आयुष्यभर गहू खाल्लाय. ती म्हणाली, मी निवडलाय.

मी चहा टाकायला उठले आणि मग परत बसले. कुणी मागितला नव्हता.